हरवलें काय, सांपडलें काय

घरांतील एखादी वस्तु हरवली, कीं घराचा स्वभाव उघडा पडतो. आमच्या लहानपणीं कोणाची अंगठी किंवा घड्याळ दिसेनासें झालें, तर आजी प्रथम कार्तवीर्याचा मंत्र म्हणावयास बसे, आजोबा पंचांग उघडून वस्तु पूर्वेस आहे कीं पश्चिमेस हें पाहत, आणि बाकीचीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. पहिल्या दोन उपायांनीं कोणाचें नुकसान होत नसे; तिसऱ्यानें मात्र हटकून होई. हा तिसरा उपाय आमच्या सुशिक्षित घरांत अद्यापि जिवंत आहे, हें गेल्या पावसाळ्यांत आम्हांस कळून आलें.

त्याचें असें झालें. आमच्या धाकट्या भावजयीचा मोबाईल फोन एका सायंकाळीं नाहींसा झाला. फोन किंमतीचा होताच. पण खरें दुःख किंमतीचें नव्हतें. आमचे वडील, अण्णा, तीन वर्षांपूर्वीं निवर्तले. नातीला पाठ व्हावी म्हणून अखेरच्या आजारांत त्यांनीं सावकाश म्हटलेली रामरक्षा त्या फोनांत होती, आणि ती दुसरीकडे कोठेंहि उतरवून ठेवलेली नव्हती. त्या रात्रीं आईनें अन्नाला हात लावला नाहीं.

आमचा पुतण्या या शास्त्रांतला. त्यानें लॅपटॉपवर आपल्या आईचें गूगलचें खातें उघडलें. हरवलेला अँड्रॉइड फोन शोधण्याची ही सोय गूगलनें २०१३ सालीं सुरू केली. ॲपलची तत्सम सोय २००९ पासूनची. फोन सुरू असून इंटरनेटला जोडलेला असला, तर उपग्रह, आसपासचीं वायफाय केंद्रें आणि मोबाईलचे मनोरे यांच्या आधारानें तो आपला ठावठिकाणा ठरवून कळवितो. नकाशा उघडला, आणि पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीवर ठिपका उमटला. त्याच वस्तींत आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई राहतात.

कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्या कॉलेजांत गेला होता. बाई आल्या तेव्हां प्रश्न आम्हींच विचारला. शब्द मऊ होते : "काल जातांना चुकून तुमच्या पिशवींत तर गेला नाहीं ना?" अकरा वर्षें ज्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, त्या हातांनीं पिशवी आमच्यासमोर ओट्यावर उलटी केली. एक छत्री, एक डबा आणि औषधाची बाटली निघाली. बाईंनीं तीं पुन्हां भरलीं, कणीक मळली, पोळ्या केल्या, आणि एक शब्दहि न बोलतां त्या निघून गेल्या.

दुपारीं पुतण्या परतला. हकीकत ऐकतांच त्याचा चेहरा उतरला. "काका, तुम्हीं ठिपका पाहिलात; त्याच्या भोंवतालचें वर्तुळ नाहीं पाहिलेंत?" ठिपका हा केवळ अंदाज, व वर्तुळ ही त्या अंदाजाची मर्यादा, हें त्यानें समजावून दिलें. उघड्यावर तें लहान असतें. पत्र्यांखालीं आणि दाट वस्तींत तें पसरतें. आदल्या रात्रींच्या त्या वर्तुळांत कित्येक घरें बसत होतीं. वस्तु साधारण कोठें आहे एवढेंच नकाशा सांगतो. ती कोणाच्या हातांत आहे, हें सांगत नाहीं. तो भाग आम्हीं आपल्या मनानें भरला होता. त्यानें नकाशा पुन्हां उघडला, तों ठिपका स्वारगेटजवळ सरकत होता. सकाळीं हें पाहण्याचेंहि आम्हांस सुचलें नव्हतें.

मग त्यानें जें प्रथमच करावयास हवें होतें तें केलें. फोनाला दुरून कुलूप घातलें, पडद्यावर निरोप व आमचा क्रमांक उमटविला, आणि फोन वाजविण्याची आज्ञा दिली. मूक करून ठेवलेला फोनहि या आज्ञेनें मोठ्यानें वाजतो. थोड्याच वेळांत एका रिक्षावाल्या गृहस्थांचा फोन आला. सीटच्या फटींत कांहीं वाजत होतें, म्हणून त्यांनीं शोधून पाहिलें होतें. तेहि त्याच वस्तींतले. रिक्षा रात्रीं तेथेंच उभी होती. त्यांनीं फोन घरीं आणून दिला. बक्षीस नाकारलें, येण्याचें भाडें तेवढें घेतलें.

आमच्या वाचकांनीं यांतून कामापुरतें एवढें घ्यावें. फोनवर *#०६# दाबलें असतां पंधरा आंकड्यांचा आय. एम. ई. आय. क्रमांक दिसतो, तो आजच वहींत लिहून ठेवावा. फोन चोरीस गेलाच, तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिच्या प्रतीसह केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तो बंद करण्याचा अर्ज करितां येतो. ही व्यवस्था महाराष्ट्रांत २०१९ सालीं प्रयोगादाखल आली व २०२३ पासून देशभर झाली. असा फोन सिम बदललें तरी भारतांतील कोणत्याहि कंपनीच्या जाळ्यावर चालत नाहीं, आणि कोणीं चालवून पाहिल्यास त्याचा माग पोलिसांस मिळूं शकतो. विंडोजच्या लॅपटॉपांतहि शोधण्याची सोय आहे. पण ती हरवण्यापूर्वीं सुरू केलेली असावी लागते. नकाशावरचा पत्ता घेऊन स्वतः कोणाच्या दारीं जाऊं नये. तो पोलिसांस द्यावा. आणि मृत माणसांचे आवाज एकाच ठिकाणीं ठेवूं नयेत.

त्या सायंकाळीं आईला घेऊन आम्ही बाईंच्या घरीं गेलों व क्षमा मागितली. त्यांनीं आईला खुर्ची दिली, चहा केला. "अण्णांचा आवाज मिळाला ना? मग झालें," एवढेंच म्हणाल्या. अण्णांच्या आजारपणांत त्यांची पेज त्याच करीत असत.

बाई अजून येतात, पोळ्या पूर्वीसारख्याच होतात. पिशवी मात्र त्या आतां स्वयंपाकघरांत आणीत नाहींत. बाहेर, दाराजवळच्या खुंटीला अडकवितात. आंत आणा, असें आम्हीं दोन वेळां सांगून पाहिलें. त्या हसून 'असूं द्या' म्हणतात. येतां जातां ती पिशवी आमच्या दृष्टीस पडते.