दातांचा हिशेब

गेल्या दिवाळीनंतर आमच्या थोरल्याने एक सायकल घरी आणली. सोयाबीनच्या सुगीत त्याने शेजाऱ्यांकडे रोजाने काम केले होते. त्या पैशातले साडेपाच हजार देऊन बार्शीच्या एका मुलाकडून त्याने ती जुनी घेतली. तिची चाके बघून आमच्या आई म्हणाल्या, "अगं बया, ही सायकल हाय का मोटरसायकलीचं पोर?" टायर चार इंच रुंद. मागे सात गिअर. वजन तर असे, की एका हाताने उचलताना माझा खांदा कुरकुरला.

मला राग आला. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलीवर या घराने तीस वर्षे दूध वाहिले, ज्वारीचे दळण आणले, आजारी माणूस दवाखान्यात नेला. ती अजून गोठ्यात उभी आहे. ती सोडून हे सोंग कशाला? मी तसे बोललोही. मुलगा म्हणाला, "आबा, माझंच पैसं हायत." त्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि राग मात्र वाढला.

आमची वस्ती येरमाळ्याच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगराला लागून आहे. वस्तीवरून दूध संकलनाच्या ठिकाणी जायला तीन किलोमीटर, आणि त्यात शेवटी एक खडा चढ. मुलाने कॅरिअर बसवले आणि पंधरा लिटरचा कॅन बांधून निघाला. आठ दिवस धापा टाकत नेला. नवव्या दिवशी चढावर उभे राहून पायडल मारताना चेन कडकन सटकली. पोरगा डांबरावर पडला, गुडघा फुटला, सगळे दूध उताराने वाहत गेले. घरी आल्यावर मी त्याच्या गुडघ्याकडे आधी पाहायला हवे होते. मी दुधाचा हिशेब काढला आणि म्हणालो, "भंगारात घाल ती." त्यानंतर तो माझ्याशी पाच दिवस बोलला नाही. घरात ताट वाढले की उचलून ओसरीत जाऊन बसायचा.

सहाव्या दिवशी मीच ती सायकल ढकलत बाजारातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. खरे सांगतो, विकली तर किती येतील हे विचारायलाच नेली होती. मुलगा मुकाट्याने मागून आला. चाचांनी सायकल उलटी केली, चष्मा पुसला आणि पुढच्या चक्राचे दात मोजायला लागले. बेचाळीस भरले. मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे अठ्ठावीस. मग मला म्हणाले, "भाऊ, रान नांगरताना ट्रॅक्टर कुठल्या गिअरवर चालवता?"

"खालच्या."

"मग पोराला वरच्या गिअरवर डोंगर का चढवता?"

मी गप्प झालो. चाचांनी चाकाला खडूची खूण केली आणि एक फेरा जमिनीवर मोजला. सुमारे दोन मीटर तीस सेंटिमीटर भरला. पुढे 42 आणि मागे 28 दात, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक दीड वेळा फिरते. सायकल जवळजवळ साडेतीन मीटर पुढे जाते. सपाटीला ठीक, पण भरल्या कॅनसह चढाला पायाने तेवढा जोर आणायचा कुठून? पुढे 32 आणि मागे 34 दात केले, तर एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरांच्या आतच जाईल. फेरे जास्त मारावे लागतील, पण प्रत्येक फेऱ्याचा जोर पाच भागांतले जवळजवळ दोन भाग कमी होईल. काम तेवढेच राहते, फक्त ते वाटून घेतले जाते.

चेन का सटकली तेही कळले. चेनच्या एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंत अर्धा इंच अंतर असते. म्हणजे नव्या चेनची चोवीस अंतरे बरोबर बारा इंच भरतात. आमची चेन बारा इंच आणि वर दोन सूत, म्हणजे पाव इंच भरली. एवढी ताणलेली चेन दातांत बसत नाही, दातांवर चढते. आणि तिने मागचे दातही खाल्लेले असतात, म्हणून नुसती चेन बदलून भागत नाही. एक सूत वाढ दिसली की चेन आणि मागचा फ्रीव्हील जोडीने बदलायचे. अर्ध्या सुतावरच चेन बदलली तर फ्रीव्हील वाचतो. घरातली साधी पट्टी लावून हे कोणालाही पाहता येते.

सामान मुलाने फोनवरून मागवले. त्याआधी चाचांनी त्याच्याकडून प्रत्येक माप घेववले. पुढचे चक्र चार बोल्टांवर होते, त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास 104 मिलिमीटर. मधला एक्सल बदलायचा बेतही होता, पण साध्या सायकलीचा एक्सल 68 मिलिमीटरच्या नळीत बसतो आणि या सायकलीची नळी 100 मिलिमीटर निघाली. गावात तसा एक्सल मिळेना. मग चाचांनी जुनाच खोलून रॉकेलने धुतला, छर्रे नवे घातले, ग्रीस भरून बसवला. तो आजही आवाज करत नाही.

खर्च असा झाला: पुढचे चक्र 600, फ्रीव्हील 550, चेन 400, चौतीस दात पेलणारा मागचा डिरेलर 750, केबल आणि ब्रेक पॅड 300, मजुरी 200. एकूण 2800 रुपये. यातले निम्मे मी दिले. मुलगा नको म्हणत होता. मी म्हणालो, "सांडलेल्या दुधाचा मी हिशेब केला, तुझ्या गुडघ्याचा राहिला होता. तो हा." तो हसला नाही, पण त्या रात्री माझ्या शेजारी जेवायला बसला.

एक सुधारणा फुकटात झाली. पोरे ही चाके मऊ ठेवतात. शेतवाटेला आठ-दहा पौंड हवा बरी, पण डांबरावर तेवढीच ठेवली तर चाक रस्त्याला चिकटल्यासारखे ओढते. आता तो दूध नेताना वीस पौंड भरतो.

असली चाके मुळात अलास्काच्या बर्फासाठी आणि अमेरिकेतल्या वाळूसाठी निघाली. 2005 साली तिकडच्या सर्ली कंपनीने पगस्ली नावाची सायकल विकायला आणली आणि मग ती पसरली. आपल्या काळ्या रानासाठी ती कोणी केलेली नाही. म्हणून खरे तेच सांगतो. जुलैच्या चिखलात ती आमच्या बैलगाडीइतकीच फसते. उतारावर मुलाचे पाय आता नुसतेच भरभर फिरतात, कारण वरचा वेग आम्ही देऊन टाकला. ज्याचा रस्ता सपाट आहे त्याने हा खटाटोप करू नये. पण मुरमाच्या वाटेवर मात्र कॅन हिंदकळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी मी चढाच्या माथ्यावर जाऊन उभा राहिलो. त्याला सांगितले नव्हते. खालून तो आला, बसूनच, घाई न करता पायडल मारत. मला पाहून थांबला नाही. चढावर थांबले की पुन्हा निघणे अवघड असते. "आबा, बाजूला व्हा," एवढेच ओरडला आणि पुढे गेला. मी बाजूला झालो.

आता दर रविवारी तो चेन पुसतो आणि मी तेल सोडतो. एका कडीला एकच थेंब, आणि वरचे तेल फडक्याने टिपून घ्यायचे, नाहीतर काळी माती त्यालाच चिकटून दात खाते. गेल्या आठवड्यात त्याने गोठ्यातली वडिलांची सायकलही बाहेर काढली. तिचे दात मोजले. पुढे 48, मागे 18. म्हणजे एका फेऱ्यात चाक अडीच वेळांहून जास्त फिरते. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आबा, आजोबा ह्याच्यावर दूध घेऊन त्यो चढ चढायचे?"

मी म्हणालो, "नाही रे. चढ आला की उतरून ढकलायचे. मी मागून कॅरिअरला हात लावायचो."

हे मी इतक्या वर्षांत विसरूनच गेलो होतो.