पंगत, वाट आणि सोयरीक

सासवड,
वैशाख

चि. मुग्धा,


तुझं पत्र पोचलं. वारीवर प्रबंध लिहायचा ठरवलास याचा आनंद झाला. समाजशास्त्राचे सर एक सांगतात, मानवशास्त्राच्या बाई दुसरंच सांगतात, आणि अर्थशास्त्राचे सर 'नमुना किती जणांचा?' एवढंच विचारतात, म्हणून तू अडली आहेस. यातलं कुठलं शास्त्र धरावं, असं तू मला विचारलं आहेस. त्याबद्दल बरंच मनात आहे, म्हणून फोन न करता पत्रच लिहिते.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे माझी नजर आधी जमिनीकडे जाते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्याकडे आली की पावसाचा जोर मागे राहतो. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण असं कोरड्या मुलखात आत आत जायचं. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचं चालणं म्हणजे पर्जन्यछायेत शिरणं आहे. धनगरांचे कळपही पावसाळ्यात असेच पूर्वेकडे असतात, कारण ओलीत मेंढरांचे खूर सडतात. दामोदर कोसंबी मूळचे गणिती. पुण्याभोवतीचे माळ पायी तुडवत त्यांनी अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं वेचली आणि १९६२च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'मध्ये सुचवलं की पालखीची वाट ही त्या माणसांच्या ऋतूंबरोबर फिरण्याच्या वाटेवरून जाते. रा. चिं. ढेरे ग्रंथ, शिलालेख, स्थलपुराणं धुंडाळत 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४च्या ग्रंथात गवळी-धनगरांच्या देवापर्यंत पोचले. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांच्या ओव्या ऐकत त्याच मुलखात आले. एकाने दगड पाहिले, एकाने पोथ्या, एकाने माणसांचा आवाज ऐकला, आणि तिघांनाही विठोबामागे मेंढपाळ दिसला. असा मेळ क्वचितच बसतो. जिथे बसतो तिथे मला त्या निष्कर्षाबद्दल भरवसा वाटतो.

पण वाट किती जुनी आहे हे कळल्याने आज तिच्यावरून चालणारी बाई घरदार सोडून का निघते, हे कळत नाही. तिथे इरावती कर्वे लागतात.

'परिपूर्ती'तला त्यांचा 'वाटचाल' हा लेख तू वाचला असशीलच. नसशील तर सगळं बाजूला ठेवून आधी तो वाच. बर्लिनहून मानवशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या या बाई दिंडीबरोबर पायी चालल्या. दिंडी एकच, अभंग एकच, दिवसभर पायाला पाय लावून चालणं. पण जेवायची वेळ झाली की ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे. बाईंच्या जिवाला ते लागलं. त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका आपल्याशी जास्त मोकळ्या झाल्या असं त्यांनी नोंदवलं. फ्रेंच जेझुइट गी दल्यूरी यांनीही वारी पाहिली होती. त्यांचं पुस्तक १९६०मध्ये डेक्कन कॉलेजनेच काढलं. जातवार दिंड्या असणं हा त्यांना चांगला तोडगा वाटला : भेद मोडत नाहीत, तरी सगळे एका पालखीमागे एकत्र येतात. पुढे व्हिक्टर टर्नर यांनी या दोघांच्या लिखाणावरून पंढरपूर आपल्या सिद्धांतात घेतलं. त्यांचं स्वतःचं काम आफ्रिकेतल्या न्डेम्बू लोकांत झालेलं. तीर्थयात्रेत माणसं रोजच्या दर्जातून सुटतात आणि काही काळ एकमेकांना निव्वळ माणूस म्हणून भेटतात, असं त्यांचं म्हणणं.

चूल वेगळी हे वास्तव एकच होतं. दल्यूरींना त्यात समतोल दिसला, टर्नरना जगभरच्या यात्रांचा नियम दिसला, इरावतीबाईंना दुःख झालं. मी इरावतीबाईंच्या बाजूची आहे. शास्त्रात दुःखाला जागा नाही असं तुला कोणी सांगेल, तर ऐकू नकोस. त्या दुःखामुळे त्या उठून दुसऱ्या पंगतीत गेल्या, आणि तिथे जे कळलं ते नुसतं पाहून कळलं नसतं.

तरीही पंगत पाहून जात कळते का? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला. ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी, आणि उभे राहिले मानवशास्त्राच्या वर्गात! जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं, अशी त्यांची मांडणी होती. १९३६च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी सहभोजनं पुरेशी नाहीत, मिश्रविवाहच हवेत, असं स्पष्ट लिहिलं. संतांविषयीही त्यांचं मत कठोर होतं : संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणसामाणसांतल्या झगड्याचा केला नाही. आपल्या घरात माळकरी परंपरा आहे, त्यामुळे हे वाचताना मला त्रास होतो. पण तुझ्या प्रबंधात याला उत्तर द्यावं लागेल, वळसा घालून चालणार नाही. विठोबाच्या देवळात दलितांना जायला मिळावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, ही गोष्ट शेकडो वर्षांच्या वारीनंतरची आहे.

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या मोकळ्या जागेत उतरलेल्या दिंडीत दोघीजणी होत्या, दोन वेगळ्या जातींच्या. गेली कित्येक वर्षं एका राहुटीत झोपतात, एका ताटात जेवतात, एकीचे पाय दुखले तर दुसरी तेल लावते. पंगतीतला भेद तिथे खरोखर गेलेला दिसला. एकीचा मुलगा, दुसरीची मुलगी, दोघं शिकलेली, वयाला साजेशी. मी सहज विचारलं, 'मग सोयरीक का नाही करत?' दोघी हसल्या आणि एक म्हणाली, 'बाई, ते गावाकडचं.' मग तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन आरतीला निघून गेल्या. टर्नर यांचं म्हणणं त्या दोघींच्या राहुटीत दिसत होतं आणि आंबेडकरांचं त्यांच्या हसण्यात. दोन्ही तितकंच खरं आहे, आणि एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

राज्यशास्त्राचं कोणी तुला भेटलं नाही असं दिसतं. त्यांनाही भेट. मुक्कामाच्या समाजआरतीला तळावर उभी राहून बघ. चोपदार चोप वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती तेवढी टाळ वाजवत राहते, तिचं म्हणणं ऐकून घेईपर्यंत. पोलीस नाहीत, कायद्याचं कलम नाही. या सोहळ्याला घडी घालून देणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरचे सरदार होते, ते शिस्तीवरून कळतं. तक्रार मांडायची इतकी चांगली रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

आरोग्याच्या अंगाने फार लिहीत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी दप्तरांत पंढरपूर म्हणजे पटकीचं ठिकाण, यात्रेकरू म्हणजे धोका. ती कागदपत्रं बघ, आकड्यांसाठी उपयोगी आहेत. भक्तीबद्दल त्यांना काही विचारू नकोस.

एक गोष्ट मात्र आवर्जून कर. वारीवर लिहिणारे सगळे चालणाऱ्यांवर लिहितात. ज्या गेल्या नाहीत त्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवें यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत पंढरी जागोजाग आहे, विठ्ठल भाऊ आहे, बाप आहे, रुक्मिणीशी भांडणारा नवरा आहे. यातल्या कितीतरी बायकांना शेत, गुरं, लेकरं टाकून निघता येत नव्हतं. लोकसाहित्याचा अभ्यास तुमच्या विभागात कोणी मोजत नाही, असं तू म्हणालीस. पण वारी घरी बसलेल्या बाईपर्यंत कशी पोचते हे त्यानेच कळेल.

तेव्हा शास्त्र कुठलंही धर. विभाग, मार्गदर्शक, शिष्यवृत्ती बघून ठरवावं लागतं, त्यात गैर काही नाही. पण धरलेलं शास्त्र काय विचारायचं विसरतं, ते प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिही. अर्थशास्त्राच्या सरांना नमुना दे, पण त्यांना हेही विचार की पेरणी उरकून अठरा दिवस घराबाहेर राहणं कोणाला परवडतं आणि कोणाच्या मजुरीवर.

ज्येष्ठात इकडेच ये. पालखी आमच्याकडे दोन रात्री असते. त्या दोघींना मी सांगून ठेवते. पहिल्या दिवशी वही काढू नकोस, त्यांच्याबरोबर भाजी निवड. आणि पालखी जेजुरीकडे निघाली की लगेच तिच्यामागे जाऊ नकोस. तळ झाडायला जी माणसं येतात त्यांच्याशी बोल, ती कुठली, कोणाची, त्यांच्या घरातून कोणी कधी वारीला गेलं का ते विचार.

येताना 'परिपूर्ती' घेऊन ये. माझी प्रत कोणीतरी वाचायला नेली ती परत आलीच नाही.

तुझी,
आत्या