कब्रस्तानाची वही

खराडी हे नाव आज पुण्याबाहेरच्या माणसाला आयटी पार्कमुळे माहीत झाले आहे. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. त्यानंतर शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जमिनीचा भाव पूर्वी एकरावर सांगत, मग गुंठ्यावर सांगू लागले, आता चौरस फुटावर सांगतात. जिथे जिवंत माणसाला दोन खोल्या परवडत नाहीत, तिथे मेलेल्या माणसांच्या जागेचे काय होणार? हा प्रश्न आम्हा काही जणांना पडला आणि त्यातून जुन्या कब्रस्तानांची नोंद करण्याचे एक लहानसे काम सुरू झाले.

आम्ही म्हणजे कुठली संस्था नव्हे. आमच्यात रिक्षा चालवणारे आहेत, एक निवृत्त शिक्षक आहेत, दोन-तीन कॉलेजची मुले आहेत. बहुतेक जण मूळचे खराडीचे नाहीत. बीड, लातूर, धाराशिव, नगर, सोलापूर या भागांतून पोटामागे आलो आणि नगर रस्त्याच्या आधाराने राहिलो. आमचे आजे-पणजे तिकडच्या मातीत आहेत. म्हणून आम्ही एक साधा नियम केला. जो ज्या गावचा, त्याने ईदला किंवा सुटीत गावी जावे, तिथल्या कब्रस्तानाची वही भरावी आणि खराडीला परत आल्यावर सगळ्यांनी मिळून ती नीट उतरवून काढावी.

वही भरायला बसल्यावर पहिली अडचण कळते. आपल्या कबरी कच्च्या. मातीचा उंचवटा, डोक्याशी एखादा दगड, कुणी हौसेने लावलेला सब्जा. चार पावसाळ्यांत उंचवटा बसतो, दगड सरकतो, सब्जा वाळतो. कबर साधी असावी, तिच्यावर बांधकाम करू नये, ही आपली शिकवण. ती चांगलीच आहे. गरीब आणि श्रीमंत एकाच मातीत, एकाच पांढऱ्या कापडात जातात. पण याचा दुसरा अर्थ असा की दोन पिढ्यांनंतर तिथे कोण आहे हे सांगणारे काही उरत नाही. जागा कमी पडली की जुन्या कबरीच्या जागी नवी खोदली जाते. मुंबईत जुहूच्या कब्रस्तानात मोहम्मद रफी १९८० मध्ये दफन झाले, मधुबाला १९६९ मध्ये. २०१० च्या सुमारास नव्या मय्यतींसाठी जागा करताना त्यांच्याही कबरी राहिल्या नाहीत. रफींचे चाहते आजही जातात आणि जवळच्या एका नारळाच्या झाडावरून जागेचा अंदाज घेतात. रफींची ही गत, तर आमच्या गावच्या तांबोळ्याला आणि पिंजाऱ्याला कोण शोधणार?

पुण्यातच याच्या उलट चित्र आहे. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून जास्त सैनिक आहेत. प्रत्येक ओळ आखलेली, गवत कापलेले आणि प्रत्येक कबरीची नोंदवहीत नोंद. भारतातल्या जुन्या युरोपियन कबरींची माहिती गोळा करण्यासाठी १९७६ मध्ये लंडनमध्ये एक संस्था निघाली. तिने कबरींवरचे लेख उतरवून घेऊन पुस्तके छापली. आम्हाला त्यांचे संगमरवर नको आहेत. त्यांची नोंदवही मात्र हवी आहे. दगड लावायला कुणाचा आक्षेप असू शकतो, वहीत नाव लिहायला कुणाचा असेल?

तरी आक्षेप आलेच. एका गावात मशिदीतल्या बुजुर्गांनी विचारले, "बेटा, नावे लिहून काय करणार? अल्लाहला सगळ्यांची नावे ठाऊक आहेत." आम्ही म्हणालो, "चाचा, अल्लाहला ठाऊक आहेत, तलाठ्याला नाहीत." ते हसले आणि स्वतःच काठी टेकत आमच्याबरोबर आले. त्या दिवशी त्यांनी एकट्याने एकतीस नावे सांगितली.

सगळ्यात जास्त माहिती मात्र आम्हाला दिली ती बायकांनी. ही गोष्ट आम्हाला चकित करणारी होती. आमच्याकडे बायका सहसा कब्रस्तानात जात नाहीत. जनाजा उंबऱ्यातून निघाला की त्यांचा निरोप तिथेच होतो. पण कोण कधी गेले, मागे किती लेकरे राहिली, चाळिसावा कुणी केला, हे त्यांच्या तोंडपाठ असते. तारीख त्यांना सांगता येत नाही. साल मात्र त्या सांगतात. "पानशेत फुट्या, उस साल की बात है," असे एक दादी म्हणाल्या. म्हणजे १९६१. कुणी सांगते, सुकडी वाटत होते तेव्हा. म्हणजे १९७२ चा दुष्काळ. लातूर-धाराशिवकडच्या बायकांची मोजणी किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर अशी चालते. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. कब्रस्तानाचा नकाशा कबर खोदणाऱ्याकडे असतो. जमीन कुठे घट्ट आहे म्हणून बगली कबर होते, कुठे भुसभुशीत आहे म्हणून संदूकी करावी लागते, हे त्याला फावड्याच्या आवाजावरून कळते. पण कब्रस्तानातल्या माणसांची यादी घरातल्या म्हातारीकडे असते. आमच्या वहीचा अर्धा भाग आम्ही चुलीपाशी बसून लिहिला आहे.

दुसरी अडचण लिपीची. ज्या थोड्या कबरींवर दगड आहेत, त्यांच्यावर उर्दूत किंवा फारसीत लिहिलेले असते. आमची पोरे मराठी शाळेत शिकली. आपल्याच पणजोबाचे नाव नातवाला वाचता येत नाही. गावातला मौलाना वाचून दाखवतो, आम्ही मराठीत लिहून घेतो. वही मराठीतच ठेवायची हे आम्ही ठरवून केले. ती आमच्या मुलांना वाचता यावी आणि गावच्या सरपंचालाही वाचता यावी. हे आमचेही गाव आहे, असे सांगायचे तर ते गावाच्याच भाषेत सांगायला हवे. गावगाड्यात मुलाणी बलुतेदार होता. गावाने त्याला कामाबद्दल बलुते दिले, कुठे इनाम जमीन दिली. कब्रस्तानाची जागाही अशीच, कधीतरी, तोंडी, गावाने सोडलेली. कागद करावा असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. शब्दाला किंमत होती.

आज शब्दाला किंमत नाही आणि खरी गोष्ट इथे आहे. सातबाऱ्यावर कुठे कब्रस्तान असा शेरा आहे, कुठे नुसते गायरान, तर कुठे शेजाऱ्याच्या गटात ती जागा गिळली गेलेली. पश्चिम महाराष्ट्रात पूर्वी मशिदी-दर्ग्यांच्या विश्वस्त संस्था १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवल्या जात. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद. १९९५ च्या वक्फ कायद्यानंतर सगळे वक्फ मंडळाकडे आले. अनेक लहान गावांची कब्रस्ताने यापैकी कुठेच नाहीत. त्यांचा आधार एकच होता. वर्षानुवर्षे इथे दफन होत आले, म्हणून ही जागा वक्फ. कायद्याच्या भाषेत वापराने झालेला वक्फ. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने हा आधार पुढच्या काळासाठी काढून टाकला. आधी नोंदलेल्या अशा जागा राहतील, पण वादातल्या किंवा सरकारी म्हटल्या गेलेल्या नाहीत. ६ जून २०२५ रोजी उमीद पोर्टल सुरू झाले आणि नोंदलेल्या मिळकतींची माहिती भरायला सहा महिने मिळाले. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि वक्फ न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट दाखवली. त्या महिन्यांत आम्ही गावोगावच्या मुतवल्लींना पाहिले. हातात जुनी पावती, एखादी पिवळी पडलेली अर्जाची प्रत आणि संगणकावरच्या रकान्यांपुढे गोंधळलेला चेहरा. तेव्हा आमच्या वह्या कामाला आल्या. वही म्हणजे मालकीचा कागद नव्हे, हे आम्ही जाणतो. पण चतुःसीमा, फोटो, दफन झालेल्यांची नावे आणि सांगणाऱ्यांच्या सह्या एकत्र असल्या की रिकाम्या हाताने उभे राहावे लागत नाही.

जागा नुसत्या कागदावर टिकत नाही, हेही आम्ही शिकलो. खराडीहून नगर रस्त्याने शिक्रापूरला जाऊन डावीकडे वळले की पाबळ येते. तिथे मस्तानीची कबर आहे. १७४० मध्ये ती गेली. पेशव्यांच्या राजधानीत तिची काय कदर झाली हे सर्वांना माहीत आहे. पण पाबळच्या मातीत ती अजून आहे. कुणी तिला मजार म्हणते, कुणी समाधी. कागदावर कुठला शब्द हे गावाने ताणले नाही. येणाऱ्याला वाट दाखवणारे गाव असले की कबर राहते. म्हणून आम्ही वही भरताना शेजारच्या शेतकऱ्याचीही सही घेतो, तो कुठल्याही धर्माचा असो. बांध कुठे होता हे त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलेले असते. एका गावात अशाच एका पाटलांनी, "आमच्या आज्याने ही चिंच कब्रस्तानाची हद्द म्हणून लावली," असे लिहून दिले. त्या एका ओळीचे मोल आम्हाला कुठल्याही शिक्क्याहून कमी वाटत नाही.

हे काम मोठे नाही आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. शंभर पानी वही, मोजपट्टी, साधा मोबाइल आणि एक सुटीचा दिवस. आधी चारी दिशांना काय आहे ते लिहा. मग गट क्रमांक काढा, सातबारा काढा. दगडांचे फोटो घ्या. कबर खोदणाऱ्याला घेऊन ओळीने चाला. आणि मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी बसा, घाई करू नका. ती एक-एक नाव घेईल, मध्येच थांबेल, डोळे पुसेल, पुन्हा सुरू करेल.

आमच्या बावीस वह्या झाल्या आहेत. ज्यांच्याकडून आम्ही नावे घेतली, त्यांतली सहा माणसे आता स्वतःच त्या वह्यांत आहेत. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या ईदला गावी जाल तेव्हा कब्रस्तानात फातेहा पढून लगेच फिरू नका. खिशात पेन असू द्या.