व्हॅक्यूम फॉर्मिंगसाठी इपॉक्सीचा साचा

व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये तापून मऊ झालेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर दाबला जातो तो बाहेरच्या हवेच्या भाराने. हा भार दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त एक किलो. इंजेक्शन मोल्डिंगच्या दाबापुढे तो नगण्य आहे, आणि म्हणूनच या कामाला पोलादी साचा लागत नाही. ओतीव इपॉक्सीचा पुरतो. मात्र फूटभर लांबरुंद साच्यावर तोच भार सातआठशे किलोंच्या घरात जातो, आणि तो पडतो त्या क्षणी पत्रा दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. इपॉक्सीच्या साच्याची खरी परीक्षा इथे आहे. भार एकटा त्याला काही करत नाही. उष्णतेसोबत आला की करतो.

नमुना, सीलर, वॅक्स, पीव्हीए आणि चौकट यांबद्दल प्लास्टरचे दोनचार साचे काढलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. ड्राफ्टबद्दल मात्र सांगावे लागते. उंचवट्याच्या साच्यावर पत्रा थंड होताना आकसतो आणि साच्याला आवळून धरतो, म्हणून तिथे तीन ते पाच अंशांचा उतार हवा. खोलगट साच्यात पत्रा आकसताना भिंतीपासून सुटतो, तिथे कमी उतार चालतो. एचआयपीएसचा (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनचा) पत्रा शंभर मिलिमीटरमागे सुमारे अर्धा मिलिमीटर आकसतो; तेवढी वाढ नमुन्यातच धरलेली बरी.

या कामाकडे येणारे बरेच जण फायबरच्या कारखान्यातून येतात आणि तिथली एक सवय सोबत आणतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर म्हणून जे घालतात ते क्रिया सुरू करून देणारे द्रव्य असते. थंडीत थोडे जास्त, उन्हाळ्यात थोडे कमी, असे तिथे चालते. इपॉक्सीत हार्डनर हा साच्याचाच घटक असतो. रेझिनच्या प्रत्येक इपॉक्सी गटाला हार्डनरमधला एक सक्रिय हायड्रोजन लागतो. उरलेला हार्डनर किंवा उरलेले रेझिन साच्यात मऊपणा ठेवून जाते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एलवाय 556 रेझिनला एचवाय 951 हार्डनर वजनाने शंभराला दहा लागतो. जेल कोटसाठी, म्हणजे साच्याच्या दर्शनी थरासाठी, पन्नास ग्रॅम रेझिन घेतले, तर हार्डनर पाच ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर एका ग्रॅमची चूक झाली तर ती वीस टक्क्यांची चूक असते. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घेईपर्यंत रेझिन विकतच घेऊ नये, इतक्या ठामपणे हे सांगायला हवे.

मिसळलेले रेझिन स्वतःच तापते. शंभर ग्रॅमचा घाणा साधारण अर्धा तास हाताळता येतो, पण किलोभर रेझिन एकाच डब्यात राहिले तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. क्रिया वेगाने होते, त्याने उष्णता वाढते, त्याने क्रिया आणखी वेगाने होते. डबा धूर सोडू लागतो आणि ओतलेला साचा तडकतो. त्यावर उपाय दोन. एक, बोटभर जाडीचेच थर द्यायचे. दुसरा, पाठीमागच्या थरांत अ‍ॅल्युमिनियमची पूड किंवा बारीक कण भरायचे. त्याने रेझिन कमी लागते, निघणारी उष्णता धातू शोषून घेतो आणि पुढे साचा कामाला लागल्यावर पत्र्याची उष्णताही लवकर मागे जाते. शुद्ध इपॉक्सीची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे एक हजारांशच असते. पूड भरल्यावर ती कैक पटींनी वाढते. एकामागोमाग एक नग काढायचे असतील तर थरांमध्ये तांब्याची नळी बसवून पाणी फिरवण्याची सोय ओतकामाच्या वेळीच करावी लागते.

थर आधीच्या थरावर चढवायचा तो आधीचा घट्ट व्हायला लागलेला, पण बोटाला चिकट लागत असताना. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत इथे एक अडचण हमखास येते. हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा धरतो, आणि त्यावर दिलेला थर पुढे सुटतो. थिनरने तो नीट निघत नाही. कोमट पाण्याने धुवावा, पूर्ण कोरडा करावा आणि पॉलिश पेपरने खरवडावा, तरच पुढचा थर धरतो.

चोवीस तासांनी साचा नमुन्यातून निघतो. नखाने ओरखडा उठत नाही, ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो, आणि नवखा कारागीर त्याच दिवशी तो मशीनवर चढवतो. सगळ्यात हट्टी अडचण ती हीच. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेल्या इपॉक्सीतली क्रिया पूर्ण झालेली नसते. रेणूंची जाळी जसजशी दाट होते तसतसे उरलेल्या घटकांना हलायला जागा राहत नाही आणि क्रिया अर्ध्यातच अडते. असे रेझिन ज्या तापमानाला घट्ट झाले, त्याच्या वर जेमतेम दहावीस अंशांपर्यंतच आपला कडकपणा टिकवते. तीस अंशांच्या खोलीत ओतलेला साचा पन्नास अंशांच्या पुढे नरमू लागतो. पहिले पाचसात नग सुरेख निघतात. नंतर साच्यात उष्णता साठत जाते, कडा गोलावतात, सपाट भाग मध्यभागी बसतो आणि पत्रा काढताना साच्याचा कपचा सोबत येतो. दोष मग पत्र्याला दिला जातो, नाही तर हीटरला.

यावर पोस्ट-क्युअरशिवाय इलाज नाही. चोवीस तासांनंतर साचा ओव्हनमध्ये ठेवावा आणि तासाला दहा अंशांच्या बेताने तापमान चढवत ऐंशीवर न्यावा. तिथे काही तास ठेवून, रेझिन सोसत असेल तर शंभराच्या पुढे न्यावा. घाई केली तर साचा पक्का होण्याआधीच मऊ होऊन वाकतो, म्हणून चढण सावकाश आणि साच्याखाली सपाट आधार. उतरणही ओव्हनचे दार बंद ठेवूनच. ओव्हन नाही म्हणून ही पायरी गाळणारे कारखाने पुष्कळ आहेत, आणि इपॉक्सीचे साचे टिकत नाहीत असे म्हणणारेही बहुतेक तिथलेच. थर्मोकोलच्या पेटीत बल्ब लावून पन्नाससाठ अंश मिळतात; काहीच न करण्यापेक्षा ते बरे, पण ती पोस्ट-क्युअरची जागा घेऊ शकत नाही. आणि एचवाय 951 सारखा हार्डनर कितीही भाजला तरी त्याची मर्यादा राहते. रोज शेकडो नग काढायचे असतील तर उष्णतेसाठीच बनवलेले रेझिन घ्यावे.

हवेची छिद्रे त्यानंतर पाडावीत. समोरून पाऊण मिलिमीटरच्या आसपास, मागून पाचसहा मिलिमीटरचे ड्रिल पृष्ठभागाजवळ आणून थांबवलेले. जागा निवडायची ती पत्रा सगळ्यात शेवटी पोहोचतो तिथली, म्हणजे खोल कोपरे आणि आतल्या कडा. ओतण्याआधी वॅक्स लावलेली बारीक पोलादी तार रोवून नंतर ओढून काढण्याची जुनी रीत निमुळत्या भागांत अजूनही उजवी ठरते.

साच्याला आरशासारखी चमक आणण्याची हौस प्रत्येक ओतकाम करणाऱ्याला असते, आणि गिऱ्हाईक तो साचा हातात घेऊन वाखाणते तेव्हा ती आणखी बळावते. जाणत्या हातालाही ती सुटत नाही. पण चकचकीत पृष्ठभागावर गरम पत्रा टेकताच खाली हवा कोंडते आणि नगावर फुगवटे उठतात. बारीक पॉलिश पेपरने किंचित खरखरीत केलेला साचा दिसायला निस्तेज, कामाला चोख. शोकेससाठी साचा बनवायचा नसेल तर चमक उतरवावीच लागते.

थ्रीडी प्रिंटरवर थेट साचा छापून देणारे आता गल्लोगल्ली आहेत. पण छपाईत वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ होते. चारदोन नमुना नगांसाठी असा साचा ठीक, उत्पादनासाठी नाही. प्रिंटरचा खरा उपयोग ओतकामासाठी लागणारा मूळ नमुना काढण्यात आहे. तिथे तो सुताराचे आठवड्याचे काम एका रात्रीत करतो, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवे. लाकडी नमुने काढणारे सुतार मात्र कमी होत चालले, आणि ड्राफ्ट डोळ्याने ओळखणारी नजर त्यांच्याबरोबर जाते आहे.

हार्डनर त्वचेला लागत राहिला तर कधी तरी अ‍ॅलर्जी उपटते. एकदा ती जडली की पुढे नुसत्या स्पर्शाने पुरळ उठते, आणि अनुभवी माणसालाही हे काम सोडावे लागते. नायट्राइलचे हातमोजे आणि खेळती हवा पहिल्या दिवसापासून हवी.

साचा तयार झाल्यावर त्याच्या पाठीवर रेझिन, हार्डनर, प्रमाण, ओतल्याची तारीख आणि पोस्ट-क्युअरचे शेवटचे तापमान कोरून ठेवावे. पुढे तो साचा दुसऱ्या कारागिराच्या हाती जाईल, आणि तो किती तापू द्यायचा हे त्याला दुसरीकडून कळण्याची सोय नाही.