कडावला वारा येण्याआधी

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात कडाव येते. बाळ दिगंबर गणेशाचे देऊळ, भाताची खाचरे आणि पूर्वेला सह्याद्री. समुद्र इथून दूर. म्हणून तुफान हे किनाऱ्याचे दुखणे, अशी आपली समजूत. ३ जून २०२० रोजी ती मोडली. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेस ताशी १०० ते १२० किलोमीटर वेगाने जमिनीवर आले आणि रायगड ओलांडून घाटावर गेले. कर्जत-खालापुरातही पत्रे उडाले, झाडे मोडली. मृग चार-पाच दिवसांवर होता. अशा वेळी छप्पर गेले, की घरातले बियाणे भिजते आणि हंगामही हातचा जातो.

तेव्हा वैशाखातच घर पाहून घ्यावे. पत्र्याचे आकडे आवळावेत. नुसते दगड ठेवून भागत नाही, वाऱ्यात तेच डोक्यावर येतात. घरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात. बियाणे, सातबारा, रेशनकार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिंपात ठेवावे. इशारा आला, की गुरे झाडाखाली बांधू नयेत. घर कच्चे असेल तर मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना घेऊन वेळेवर पक्क्या इमारतीत जावे. वारा मध्येच पडला तरी बाहेर पडू नये. वादळाचा डोळा सरकला, की तो उलट दिशेने पुन्हा उठतो. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये.

मृगाआधी घर शाकारायची आपली रीत जुनीच आहे. त्याच दिवशी एवढेही उरकावे.