पहिलं अक्षर

२०१७ सालच्या त्या संध्याकाळी पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात दोघंच उरलो होतो, मी आणि ताई. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, सगळ्यांच्याच ताई. गोदामातल्या मालाची यादी दाखवणारं पान दुपारपासून कोरं येत होतं. कन्सोलमध्ये एकच लाल ओळ: ‘अनएक्स्पेक्टेड टोकन < इन जेसन ॲट पोझिशन ०’. जेसनमध्ये शेवटच्या नोंदीपुढे स्वल्पविराम चालत नाही, एकेरी अवतरण चालत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून तीन तास मी तेच तपासत बसलो होतो.

ताईंनी खुर्ची ओढली. “अरे, सर्व्हरनं काय पाठवलंय ते वाचलंस का?”

वाचलं नव्हतं. नेटवर्क टॅब उघडायला लावून त्यांनी रिस्पॉन्स दाखवला. तिथे जेसन नव्हतंच. लॉगिनचं अख्खं पान होतं. सेशन संपलेलं, सर्व्हरनं विनंती लॉगिनकडे वळवलेली, आणि स्टेटस मात्र २००. ते < म्हणजे एचटीएमएलच्या पहिल्या टॅगचा कंस. दुपारपासून पार्सर खरं तेच सांगत होता.

जेसनच्या काटेकोरपणावर चिडणारे पुष्कळ भेटतात. जेसन मांडणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी त्यात टिप्पण्यांनासुद्धा जागा ठेवली नाही. मला हा काटेकोरपणा आवडतो. चुकीचं काही आलं तर तो तिथल्या तिथे अडवतो, पुढे जाऊ देत नाही.

महिन्याभरानं दुसरी अडचण आली, जास्त अवघड. या खेपेला ‘टोकन’ शब्दापुढे काहीच दिसेना आणि मजकूर तर निर्दोष. पहिल्या अक्षराचा कोड छापून बघ, ताई म्हणाल्या. आला ६५२७९. बीओएम! जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाईल सेव्ह करताना सुरुवातीला घालतं ती अदृश्य खूण. “पण ती तर ब्राउझर काढून टाकतो ना?” मी विचारलं. “एकच काढतो,” ताई म्हणाल्या. आमच्या पीएचपीच्या दोन फायली त्याच नोटपॅडमध्ये सेव्ह झाल्या होत्या. हेक्स एडिटरमध्ये दोन्ही उघडल्या, दोन्हींच्या माथ्यावर ईएफ बीबी बीएफ. पहिली खूण ब्राउझर गिळत होता, दुसरी पार्सरच्या घशात अडकत होती.

माझं प्रोबेशन संपायला तेव्हा पंधरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्या टीमला मेल पाठवली. बीओएमचा घोळ कुणी शोधला, तिथे माझं नाव होतं. नोकरी पक्की झाली. त्या मेलला उत्तर म्हणून मी एक ओळ लिहायला हवी होती, ती लिहिली नाही. आज लिहितो: तो घोळ ताईंनी शोधला होता.