धरमतरच्या चिखलातली गोगलगाय

वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात धरमतर खाडीचा खारा वास येतो. आंबा नदी इथे समुद्राच्या ओढीने पसरते. तिच्या काठांवर खारबंदिस्त्या आहेत: बाहेर बांध, मधे पावसाचं पाणी सोडायला उघाड्या, आत भाताची खाचरं. एखाद्या बांधाला खांड गेली आणि ती वेळेत बुजवली गेली नाही, तर उधाणाचं पाणी शेतात शिरतं. मग काही वर्षांत तिथे तिवरं उभी राहतात. अशाच एका सोडलेल्या खाचरात, सुकतीच्या वेळी, मी तिवरांची रोपं बघत असताना पायाजवळचा चिखल हलल्यासारखा वाटला.

तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी होत्या त्या. तिवराच्या गळलेल्या पानांखाली, बांधाच्या ओल्या सावलीत, खेकड्यांच्या बिळांच्या कडेने त्या पसरल्या होत्या. जवळच चिंबोऱ्या शोधणाऱ्या एका मावशींनी माझ्या हातातली बाटली पाहिली आणि म्हणाल्या, "यांच्यात मास नाय गो ताय!" त्यांचं खरं होतं. निवटे, चिंबोऱ्या, कालवं यांची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. ही बारीक प्रजा बाजारात जात नाही, त्यामुळे तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

मी प्राणिशास्त्र शिकवते, पण शिकवताना गोगलगाय म्हणजे आकृतीतली गोगलगाय. ही समोरची कोणती, हे ठरवायला बसले तेव्हा कळलं की शंख फार थोडं सांगतो. खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारी निदान तीन छोटी घराणी पहिल्या नजरेला सारखीच दिसतात: असिमिनिया, स्टेनोथायरा आणि इराव्हाडिया. तिन्ही तपकिरी, तिन्ही काही मिलिमीटरच्या. त्यात तिवरांखालच्या आम्लधर्मी चिखलात शंखाचं टोक झिजून जातं, म्हणजे पिलावस्थेत तयार झालेले पहिले वेढे, जे ओळखीला सगळ्यात उपयोगी, तेच नेमके गायब. शाबूत टोकाचा शंख मिळावा म्हणून मी भिंग घेऊन पसाभर शंख निवडत बसत असे.

उलगडा जिवंत प्राण्याने केला. काचेच्या बशीत खाडीचं थोडं पाणी घातलं आणि एकीला सोडून दिलं. बराच वेळ शंखाचं झाकण घट्ट लावलेलं. मग डोकं बाहेर आलं आणि मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढेना. स्टेनोथायरा आणि इराव्हाडियाला लांब, सडपातळ स्पर्शिका असतात आणि डोळे त्यांच्या मुळाशी असतात. हिला लांब स्पर्शिका नव्हत्याच. दोन आखूड बुंधे, आणि प्रत्येकाच्या टोकावर काळाभोर डोळा. असिमिनिया! मेलेल्या शंखांची पेटीभर रास असती तरी ही गोष्ट मला दिसली नसती.

त्यानंतर वर्णन. शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरायचा, ही जगभरची रीत. त्यासाठी मी बशीत बारीक रेती घालून त्यात तो उभा खोचला. उंची साडेचार मिलिमीटर. तोंड उजव्या हाताला. वेढे हलके फुगीर, पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत, रंग लालसर तपकिरी, वेढ्यांच्या सांध्याशी फिकट पट्टी. तोंड लंबगोल, वर निमुळतं. झाकण पातळ, शिंगासारख्या द्रव्याचं. मग जिभेवरची दातांची पट्टी. एकेका ओळीत सात दात, आणि मधल्या दाताची घडण जातीपरत्वे वेगळी. ती पट्टी मांसातून सोडवून काचेवर पसरणं हे श्वास रोखून करायचं काम आहे. याच दातांनी ती चिखलावरचे सूक्ष्म शेवाळकण खरवडते.

या वाटेवर आपल्याकडे आधी चाललेली माणसं आहेत. नगर भागात राहिलेले अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल बेकन फेअरबँक यांना पक्ष्यांइतकाच शंखांचा नाद होता. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1868 मध्ये एका चिमुकल्या खाडीवासी गोगलगायीचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं फेअरबँकिया बॉम्बेयाना. जातीच्या नव्हे, अख्ख्या प्रजातीच्या नावात शंख जमवणारा माणूस आणि त्यापुढे मुंबई! ब्लॅनफर्ड यांनीच त्याआधीच्या वर्षी इरावती नदीच्या मुखावरून इराव्हाडिया हे नाव दिलं होतं. 1893 मध्ये मेलव्हिल आणि ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईच्या सागरी शंखशिंपल्यांची यादी छापली. आमच्या काळात दीपक आपटे यांचं भारतीय शंखांवरचं पुस्तक 1998 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढलं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्याने किनाऱ्यावर नेलं. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या, देखण्या शंखांची ओळख आता कुणालाही करून घेता येते. पाच मिलिमीटरच्या खालची दुनिया मात्र अजून चिखलातच आहे, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. खारबंदिस्ती फुटते, भराव पडतो, उघाडी बदलते. अशा प्रत्येक बदलाने चिखलाचा खारेपणा बदलतो आणि त्यावर जगणारी प्रजाही. आज तिथे काय आहे हे लिहिलेलं नसेल, तर उद्या काय गेलं हे कुणाला सांगता येणार?

माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणूनच आधी चिठ्ठी लिहायला शिकवते. ठिकाण, तारीख, भरतीच्या रेषेपासूनची उंची, चिखल की दगड, कोणत्या झाडाखाली. काही नमुने अल्कोहोलमध्ये, कारण आम्लधर्मी फॉर्मालिन शंखच विरघळवतं. डीएनएसाठी ठेवायचे ते तीव्र अल्कोहोलमध्ये, वेगळ्या बाटलीत.

आमच्या चिठ्ठीवर सध्या एवढंच आहे: असिमिनिया, जात अनिश्चित, वडखळजवळ, धरमतर खाडी. जातीचं नाव लिहायचं तर नर-मादीच्या अंतर्गत अवयवांची तुलना हवी आणि जुन्या वर्णनांचे मूळ नमुने शेजारी ठेवून पाहायला हवेत. ते होईपर्यंत मी नाव लिहिणार नाही. दरम्यान पावसाळ्यात उघाडीतून गोडं पाणी आलं की त्या कुठे सरकतात, आणि अंडी कुठे घालतात, हे बघायचं आम्ही ठरवलं आहे. चिंबोऱ्यावाल्या मावशींनी बांधावरची चिखलात न रुतणारी वाट दाखवायचं कबूल केलं आहे.